त्सेबेची आठ पिंपं

२१ ऑक्टोबर, मंगळवार. त्सेबे

ट्रक गेला. नदी चढली की वाट बंद होते, म्हणून ड्रायव्हरला चहासुद्धा नको होता. आता इथे मी, एक तंबू, एक रेडिओ, एक वजनकाटा आणि विमानाच्या पेट्रोलची आठ पिंपं. धावपट्टी म्हणजे झाडं तोडून सपाट केलेली माती. लांबी माझी नऊशे चाळीस पावलं. तीन वेळा मोजली, दुसरं काम नव्हतं.

आमच्या कंपनीत एक विमान, एक कॅप्टन, एक मेकॅनिक आणि मी. कॅप्टन म्हणजेच मालकीण, म्मा सेथुन्या; मोठ्या बाईला आमच्याकडे म्मा म्हणतात. ही वही त्यांनीच दिली. "सहावीत शाळा सोडली म्हणून काय झालं, अक्षर येतं ना? दिवसभरात जे होईल ते लिही." मी विचारलं, काही झालंच नाही तर? म्हणाल्या, "तर झोप."

२२ ऑक्टोबर

पिंपांचं काही पटेना. ट्रकवाल्यांनी ती दोन लाकडांवर आडवी टाकली होती, ओळीनं. सकाळी कळप उठल्यावर जी गाय आडवीच राहते ती आजारी, हे आमच्या बोबोनोंगला शेंबडं पोरगंही सांगेल. आठच्या आठ आजारी गाई बघत दिवस कसा काढायचा? शिवाय विमान आलं, पाहुणे उतरले, तर त्यांना काय दिसणार?

दुपारभर खपून सगळी उभी केली. पाठीचा पार भुगा झाला. मग पुसली आणि उरलेल्या पांढऱ्या रंगानं प्रत्येकावर कंपनीचं नाव काढलं. सहाव्या पिंपावर एक अक्षर राहिलं, ते वर टोपीसारखं बसवलं. काट्यांचं कुंपण घातलं, कारण हत्तींना अंग घासायला काहीही चालतं.

आता त्सेबे विमानतळ वाटतो.

२७ ऑक्टोबर

रेडिओवर म्मा होत्या. विमानाचं इंजिन उतरवलंय, सुटा भाग बाहेरदेशातून यायचाय, तीन आठवडे तरी उड्डाण नाही. वीस नोव्हेंबरला त्सेपिसोबाईंची चाचणी आहे आणि तोवर विमान उभं राहिलंच पाहिजे.

त्सेपिसोबाई जंगल बघायला येणाऱ्या पाहुण्यांच्या पश्चिमेकडच्या चार छावण्या सांभाळतात. त्यांचे पाहुणे वर्षभर कुणी आणायचे, ते त्या ठरवणार. आम्ही किंवा हेन्ड्रिक. हेन्ड्रिककडे नऊ विमानं आहेत. आम्हाला काम मिळालं तर दुसरं विमान येईल. नाही मिळालं तर मार्चनंतर हे एकही राहणार नाही, असं दिन्तवेमामानं मला निघताना सांगितलं होतं. मामा म्हणजे आमचा मेकॅनिक. सख्खा नाही, पण सगळं माउन शहर त्याला मामाच म्हणतं.

म्मांनी विचारलं, "पिंपं ठीक?"

मी म्हटलं, "एकदम झकास. शिपायांसारखी उभी आहेत."

"बरं," म्हणाल्या, आणि मागे वळून मामाला कसल्या तरी नटबोल्टाबद्दल ओरडल्या.

३ नोव्हेंबर

पाऊस झाला. तंबू गळतो, पण एकाच जागी, तिथे पातेलं ठेवलं.

६ नोव्हेंबर

आज मोकळा आहे म्हणून म्मांबद्दल लिहितो. त्या वीस वर्षांपूर्वी माउनच्या विमानतळावर सामानाचं वजन करायच्या. वैमानिक लोक त्यांना "ए काटेवाली" म्हणून हाक मारायचे. एकानं गंमत म्हणून शेजारी बसवून नेलं, परत आल्यावर विचारलं, भीती वाटली का? त्या म्हणाल्या, "तुम्ही वळताना उंची सोडली." तो आठवडाभर बोलला नाही. मग त्यालाच त्यांनी शिकवायला लावलं.

आमचं विमान वाळूत नाक खुपसून पडलेलं होतं, कुणालाच नको होतं. त्यांनी आणि मामानं ते तुकड्यातुकड्यांनी गाढवगाडीवरून आणलं. पंख मामाच्या अंगणात चार वर्षं होता, त्यावर त्याची बायको भोपळ्याच्या फोडी वाळत घालायची. कागदपत्र पूर्ण करायला गेल्या तेव्हा साहेब म्हणाला, "बाई, हे उडेल?" म्मा म्हणाल्या, "उडेल. तुम्ही सही केली की."

असं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. माझी आईसुद्धा धीट आहे, पण ती शिडीवर चढत नाही.

११ नोव्हेंबर

रोज संध्याकाळी सर येते. पिंपांना वर काठ असतो, त्यामुळे डोक्यावर दोन बोटं पाणी साचतं, ताटात ओतल्यासारखं. सकाळी बघावं तर ताट कोरडं. पहाटे पारवे येतात, तेच पीत असणार. आमच्या पिंपांवर पारव्यांची पाणपोई चालते हे म्मांना सांगेन, हसतील.

१४ नोव्हेंबर

आज आठवं पिंप सोडून सगळी कोरडी. पारव्यांची तहान भारी.

१९ नोव्हेंबर

इंजिन बसलं. मामा रेडिओवर म्हणाला, "मांजरीसारखं गुरगुरतंय रे." उद्या चाचणी. चौदा पाहुणे, तीन फेऱ्या, सगळे दुपारी दोनच्या आत इथे. पहिल्या फेरीला त्सेपिसोबाई स्वतः येणार. माउनहून भरपूर माणसं आणि सामान भरलं की पेट्रोल कमी घ्यावं लागतं, म्हणून परत जायचं पेट्रोल इथलं. म्हणजे माझं.

दाढी केली. पट्टीवरचं शेण गोळा केलं, टोपलीभर निघालं.

२० नोव्हेंबर

कसं लिहू कळत नाही, पण लिहितो.

म्मा सव्वाआठला उतरल्या. चाकं टेकली ते कळलंही नाही. त्सेपिसोबाई उतरल्या, उंच, हातात फाईल. चार पाहुणे. एक जाडे गृहस्थ निघताना वजनाला बूट काढून उभे राहिले होते म्हणे, आणि आता इथेही माझ्या काट्यावर स्वतःहून चढले. म्हणाले, हा काटा जास्त चांगला आहे.

मग म्मांनी कुंपणाकडे पाहिलं आणि तिथेच थांबल्या.

"ओतेंग, ही कुणी उभी केली?"

"मी," म्हटलं. मला वाटलं शाबासकी आहे.

त्यांनी लांब नळी घेतली, पहिल्या पिंपाचं बूच काढलं, तळापासून नमुना काचेच्या बाटलीत घेतला आणि उन्हात धरला. पेट्रोल निळं असतं. बाटलीत वर निळं होतं आणि खाली चार बोटं स्वच्छ, बिनरंगाचं. मी विचारलं, ते काय?

"पाणी."

दुसरं पिंप, पाणी. तिसरं, पाणी. आठवं, थोडं कमी. मी सांगितलं की बुचं घट्ट होती, मी रोज हात लावून बघायचो. त्यांनी शांतपणे समजावलं. दिवसा ऊन लागलं की पिंप श्वास सोडतं, रात्री गार झालं की आत ओढतं, आणि त्या वेळी डोक्यावर पाणी असेल तर बुचाच्या आट्यांतून ते पाणीच ओढतं. आडवं असलं, बुचं दोन बाजूंना असली, तर बुचांना आतून पेट्रोल टेकलेलं असतं आणि वर पाणी साचत नाही.

मला पारवे आठवले.

त्सेपिसोबाई आल्या. "काय झालं?"

"पेट्रोलमध्ये पाणी आहे. आमची चूक. मी परत उडू शकत नाही, टाकीत आहे ते माउनपर्यंत पुरणार नाही."

"चामड्यातून गाळून घ्या ना. सगळेच घेतात."

"हे इतकं पाणी आहे, थोडं जरी उरलं तरी इंजिन हवेत बंद पडेल. गाळलेल्यावर तुम्ही बसाल?"

"तुम्ही कॅप्टन आहात."

"म्हणूनच विचारते. मी नाही बसणार."

त्सेपिसोबाईंनी घड्याळ पाहिलं. माउनला दहा पाहुणे पत्र्याखाली बसले होते. मग म्मांनी जे केलं ते मी केलं नसतं. रेडिओ उचलला आणि हेन्ड्रिकला बोलावलं. त्यालाच. सगळ्यांच्या देखत.

"हेन्ड्रिक, माझ्या पिंपांत पाणी आहे. माझे दहा पाहुणे आणून देशील? आणि एक चांगलं पिंप."

रेडिओ खरखरला. मग हेन्ड्रिक हसला. "पाणी? सेथुन्या, भाजीपाला लावायचा विचार आहे का?"

"भाजी नंतर. पाहुणे आधी."

"येतो," तो म्हणाला. मोठी दोन विमानं घेऊन आला. सगळे पाहुणे दोनच्या आत पोचले, हेन्ड्रिकच्या विमानांतून.

पिंपाबरोबर मामा आला होता. त्यानं मला बाजूला घेतलं. "हे बघ लेका, कुणी विचारलं तर सांग, पिंपं आली तेव्हाच पाणी होतं. पुरवणाऱ्यानं घोळ केला. तो काही इथे उत्तर द्यायला येत नाही. तुझी नोकरी वाचेल, कंपनीही वाचेल."

मला ते बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. मी म्मांकडे गेलोही, तोंड उघडलं, पण त्या विमानाच्या चाकाला टेकून कागदावर लिहीत होत्या आणि मान वर न करता म्हणाल्या, "सत्तावीस ऑक्टोबरला तू रेडिओवर म्हणालास की पिंपं उभी आहेत. बरोबर?"

"हो."

"मी ऐकलं होतं. माझ्या कानात इंजिन होतं." आणि तेही लिहिलं.

मग मला पुरवणाऱ्याचं काही बोलता आलं नाही.

२१ नोव्हेंबर

पिंपं आडवी केली. आता ती मला आजारी वाटत नाहीत. मीच वाटतो.

२३ नोव्हेंबर

वाटलं होतं हाकलतील. म्मा रेडिओवर म्हणाल्या, कपडे धुऊन ठेव, शुक्रवारी तुला न्यायला येते, एक तारखेला माउनला काम आहे. मी विचारलं, हिशेब चुकता करायला? त्या म्हणाल्या, "वाचायला."

२९ नोव्हेंबर. माउन

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी माउनच्या सगळ्या लहानमोठ्या विमान कंपन्या पत्र्याच्या हॉलमध्ये जमतात आणि ज्याची चूक झाली असेल तो ती सांगतो. म्हणजे तसा नियम आहे. मामा म्हणतो, प्रत्यक्षात लोक सांगतात की एकदा गिधाड आडवं आलं होतं, मग सगळे मान डोलावतात आणि चहा होतो. खरी चूक आजवर कुणी आणली नाही.

म्मांना माझं पिंपांचं प्रकरण तिथे वाचायचंय. आणि मी वाचायचंय.

मामा भडकला. मी शेडबाहेर नट धूत होतो, सगळं ऐकलं.

"तिथे त्सेपिसोबाई असणार. अजून त्यांनी ठरवलेलं नाही. आपल्याच हातानं आपली कबर खणायची?"

"मामा, किती धावपट्ट्यांवर पिंपं आहेत?"

"असतील तीस-चाळीस."

"तिथे कोण आहेत? वैमानिक?"

"कुठले वैमानिक. आपल्या पोरासारखेच, गुराखी, मासेवाले."

"त्यांना कुणी सांगितलंय?"

मामा म्हणाला, "विमान विकावं लागलं तर पंख मी परत अंगणात ठेवणार नाही. बायको घरातून काढेल."

"तिला मी समजावते."

मला यातलं नीट कळलं नाही. हेन्ड्रिकच्या धावपट्ट्यांचं आपल्याला काय? त्याच्या पिंपांत पाणी गेलं तर आपलं बरंच आहे. म्मा हुशार आहेत, पण धंद्यात कधी कधी भोळ्या.

१ डिसेंबर, सोमवार

वाचलं.

साठेक माणसं होती, पांढरे सदरे, खांद्यावर पट्ट्या. मी मामाचा सदरा घातला होता, बाह्या दोनदा दुमडून. पहिल्या ओळीत त्सेपिसोबाई, फाईल मांडीवर. मागे भिंतीला खुर्ची टेकवून हेन्ड्रिक, टोपी डोळ्यांवर.

मी जे लिहिलं होतं ते म्मांनी सुधारलं नाही, फक्त स्वतःचा परिच्छेद आधी घातला. त्यांनी तो वाचला. "मुलाला पिंपं कशी ठेवायची हे मी सांगितलं नाही. त्यानं रेडिओवर ती उभी आहेत असं सांगितलं, ते मी ऐकलं आणि थांबवलं नाही." मग माझ्याकडे पाहिलं.

मी आजारी गाईपासून सुरुवात केली. हॉल हसला. कुणी तरी म्हणालं, "अरे, याला डॉक्टर करा." रंगाची आणि टोपीवाल्या अक्षराची गोष्ट आली तेव्हा तर चहावालासुद्धा हसत होता. माझे कान तापले. पारव्यांपर्यंत आलो. संध्याकाळी दोन बोटं पाणी, सकाळी कोरडं, हे वाचलं, आणि हसणं कमी झालं. श्वास आत ओढण्याचं वाचलं तेव्हा कुणीच हसत नव्हतं.

हेन्ड्रिकनं टोपी वर केली. "बुचं घट्ट होती म्हणालास?"

"हो साहेब. सील होतं."

"सील फोडलेलं नव्हतं?"

"कॅप्टनबाईंनीच फोडलं, माझ्यासमोर."

तो उठला आणि बाहेर गेला. नुसता गेला नाही, खुर्ची पाडून गेला. मला वाटलं, कंटाळला. चहा झाला. त्सेपिसोबाई आमच्याशी न बोलता निघून गेल्या.

२ डिसेंबर

काम हेन्ड्रिकला मिळालं. त्सेपिसोबाईंचा माणूस चिठ्ठी घेऊन आला. म्मांनी उभ्यानंच वाचली, घडी घातली, आणि मामाला विचारलं की डाव्या चाकाची हवा बघितली का. मामानं पाना जमिनीवर आपटला. म्मांनी तो उचलून जागेवर ठेवला.

मी वाचलं नसतं तर? हाच विचार डोक्यातून जात नाही. जीभ चावून घ्यावीशी वाटते. आईला काय सांगू, की तुझ्या पोरानं विमान वाचून घालवलं?

म्मांना विचारलं, तुम्हाला राग नाही आला? म्हणाल्या, "आला. चाकावर काढतेय. पंप दे."

४ डिसेंबर, गुरुवार

सकाळी हेन्ड्रिक आमच्या शेडमध्ये आला. पायी. टोपी हातात. मामानं त्याला बसायला सांगितलं नाही, तो स्वतःच रंगाच्या डब्यावर बसला. म्मा पंखाखाली होत्या.

"सोमवारी मारिके उत्तरेच्या धावपट्टीवर होती," तो म्हणाला. मारिके म्हणजे त्याची मुलगी, तीही वैमानिक. "पाच पाहुणे बसवलेले. पट्टे बांधलेले. पिंपातून टाकी भरून झाली होती. नमुना काढला होता तिनं, शिकवलंय मी. पण ओतल्या ओतल्या काढला, पाणी खाली बसायच्या आत. निळंच आलं."

म्मा बाहेर आल्या.

"मी हॉलमधून धावत जाऊन रेडिओवर म्हटलं, किल्ली फिरवू नकोस. तिथल्या माणसाला विचारलं, पिंपं कशी आहेत? म्हणाला, साहेब, छान उभी आहेत." हेन्ड्रिक टोपीची कड गोल फिरवत होता. "अर्धा तास थांबून तिनं परत काढला. पाव बाटली पाणी. त्या पट्टीच्या टोकाला उंच झाडं आहेत, सेथुन्या. तुला माहीत आहेत."

"माहीत आहेत."

"अकरा पिंपं. चारांत पाणी."

मला वाटलं आता म्मा भाजीपाल्याचं काढतील. मी असतो तर काढलं असतं, तोंडाशीच आलं होतं. त्यांनी विचारलं, "मारिके कशी आहे?"

"काल दिवसभर झोपली. आज चिडचिड करतेय."

"मग बरी आहे."

मामानं एकदम उठून चहाचं भांडं ठेवलं.

चहा पिता पिता हेन्ड्रिक म्हणाला की तो आत्ता त्सेपिसोबाईंकडूनच येतोय. त्यांना सगळं सांगितलं, अकरा पिंपं, झाडं, सगळं. आणि म्हणाला की त्सेबेकडचे पाहुणे त्याला नकोत, ते सेथुन्याला द्या. बाईंनी त्याला तीनदा विचारलं की नक्की का. मग म्हणाल्या, चारपैकी तीन छावण्या सेथुन्याच्या, एक तुझी. एका हंगामासाठी. पुढचं पुढे.

"तू हे का केलंस?" म्मांनी विचारलं.

"मला ती चूक माहीत नव्हती," हेन्ड्रिक म्हणाला. "चाळीस वर्षं उडतोय."

तो गेल्यावर म्मा म्हणाल्या, त्याच्या जागी कुणीही हेच केलं असतं. मला तसं वाटत नाही. मामालाही वाटत नाही. तो शेडच्या मागे जाऊन बराच वेळ नाक शिंकरत होता. पेट्रोलच्या वासाची त्याला कधी कधी सर्दी होते.

१२ डिसेंबर. त्सेबे

तीन फेऱ्या झाल्या, अकरा पाहुणे, कुणालाही थांबावं लागलं नाही. म्मा दुसऱ्या फेरीला उतरल्या तेव्हा गाणं म्हणत होत्या. माझ्या आईपेक्षा वाईट आवाज आहे.

१५ डिसेंबर

दुपारी एक अनोळखी विमान उतरलं. आमचं नव्हतं, पाहुणेही नव्हते. एक मुलगी एकटीच उतरली, केस मागे बांधलेले, नाकावर उन्हानं सोललेली कातडी. पट्टीवरून सरळ माझ्याकडे आली.

"ओतेंग तूच?"

"हो."

"मी मारिके."

मी म्हटलं, पेट्रोल हवंय का? नको म्हणाली. पाणी विचारलं, तेही नको. पिंपांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग खिशातून पेन काढून माझं पूर्ण नाव विचारलं, आडनावासकट, आणि गाव कुठलं तेही. तळहातावर लिहून घेतलं, म्हणाली, त्या सोमवारच्या उड्डाणाच्या नोंदीत घालायचंय. "बोबोनोंगला दोन ओ की तीन?" म्हणाली. मी सांगितलं, तीन.

विमानात बसली आणि गेली. एवढ्यासाठी पाऊण तास उडून आली होती.

कुणाकडे तक्रार करायची असेल का? पण माझं काही चुकलेलं आठवत नाही. म्मांना उद्या विचारतो.